आंब्याच्या खोक्याआडून नॉर्दर्न लाइट्स

नमस्कार श्रोतेहो! हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, क्रॉयडन, जिथून ऐकत असाल तिथून. आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. लंडनच्या एवढ्या झगमगाटातून नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात नाचणारे ते रंगीत उजेडाचे पट्टे, दिसतात का? दिसतात. रोज नाही, पण मोठं सौरवादळ आलं, म्हणजे सूर्याकडून विद्युतभारित कणांचा मोठा लोंढा आला, की दिसतात. त्यासाठी दर वेळी नॉर्वेचं तिकीट काढायला नको.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. शहर पाठीशी, तोंड उत्तरेला. हिरवा उजेड साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर असतो, तांबडा दोनशेच्याही वर. इतक्या दक्षिणेला बसून आपल्याला बहुतेक वेळा त्याचा वरचा, तांबूस भागच दिसतो, तोही उत्तरेला खाली, क्षितिजालगत. आणि शहराचा उजेड नेमका तिथेच साचतो. हॅरोकरांचं त्यातल्या त्यात बरं, लंडन त्यांच्या पाठीमागे राहतं. क्रॉयडनकरांच्या उत्तरेला अख्खं लंडन पसरलंय, त्यांनी सरळ गाडी काढावी.

आता गोष्ट सांगते. १० मे २०२४, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. हॅरोला मैत्रिणीकडे जेवण होतं. पुऱ्या, हापूसचा रस. (रसात दूध घालणाऱ्यांशी माझं मुळातच जमत नाही. वर तूप आणि चिमूटभर मिरपूड, बास. असो.) तिची आई कराडहून आली होती, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. जेवणं उशिराच झाली, आणि अकराच्या सुमाराला मैत्रिणीच्या मुलाचा फोन वाजायचा थांबेना. ‘बाहेर या, लवकर बाहेर या!’

आम्ही बाहेर. समोर कौन्सिलचा पांढराशुभ्र एलईडीचा खांब, थेट डोळ्यांत. (जुने पिवळे दिवे काय वाईट होते, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.) शेजारच्या गुजराती मासी गाउनवर कोट चढवून फोन वर धरून उभ्या. त्यांच्या फोनमध्ये गुलाबी, हिरवं, जांभळं आकाश. मान वर करून बघावं तर नुसता राखाडी काळोख. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, “फिल्टर असणार.” मासी चिडल्या.

तेवढ्यात काकू आत गेल्या. वाटलं, कंटाळल्या. तर बाहेर आल्या त्या आंब्याचं रिकामं खोकं घेऊन. डोक्यावर पालथं घातलं, दिव्याच्या बाजूला तिरकं ओढलं. आतली कागदाची कातरणं केसांत, खांद्यावर. म्हणाल्या, “रात्री उसाला पाणी द्यायला गेलं आणि कुणी तोंडावर बॅटरी मारली, तर पाट दिसतो का? मग हे कसं दिसेल?” आणि उत्तरेकडे बघत राहिल्या. पंधरा-वीस मिनिटांनी म्हणाल्या, “ते पांढरे पट्टे ढगाचे नव्हेत. वारा नाही, तरी हलताहेत.”

मग काय, कोणी हात आडवा धरला, कोणी पेपर. मासींनी स्वतःच्या घराचा पोर्चचा दिवा मालवला. आणि मध्यरात्रीच्या आसपास ते पट्टे चढत चढत थेट माथ्यावर आले. एका बिंदूतून चहूकडे फाकलेल्या गुलाबी रेघा, फोनशिवाय, नुसत्या डोळ्यांनी! कोणी टाळ्या वाजवल्या. नेमकं तेव्हाच एक मांजर कुंपणावरून गेलं, कोणाचा तरी सिक्युरिटी लाइट भप्पकन लागला, आणि सबंध गल्ली त्या मांजरावर ओरडली. काकू म्हणाल्या, “बरं झालं आज तृतीया आहे, चंद्राची नुसती कोर. पुनवेला काही खरं नव्हतं.”

असं जी-५, म्हणजे सगळ्यात तीव्र दर्जाचं वादळ २००३ नंतर पहिल्यांदाच आलं होतं. त्याच वादळात लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनीही तांबडं आकाश टिपलं. आणि ४ फेब्रुवारी १८७२ ला तर ऑरोरा (हेच नॉर्दर्न लाइट्स) चक्क मुंबईतून दिसल्याची नोंद आहे! आजच्या मुंबईत तसा उजेड पडला, तर लोक म्हणतील कुठल्या तरी मॉलचं उद्घाटन असेल.

मासींचा फोन खोटं बोलत नव्हता, हे सांगायचं राहिलं. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, सगळं करडंच दिसतं. कॅमेरा काही सेकंद उजेड साठवत बसतो. म्हणून आधी फोन: नाइट मोड लावायचा, कठड्यावर टेकवायचा, उत्तरेकडे एक फोटो घ्यायचा. त्यात रंग आला तर थांबायचं, कारण ऑरोरा लाटेसारखा येतो. उफाळतो, विरतो, पुन्हा उफाळतो.

पुन्हा सांगते. शहर पाठीशी, तोंड उत्तरेला, जवळचा दिवा आड. लँकेस्टर विद्यापीठाच्या ऑरोरावॉच यूकेचे अलर्ट फुकट मिळतात, ते लावून ठेवा. आणि कोट, किल्ल्या दाराशीच ठेवा. एकदा डोळे अंधाराला सरावल्यावर त्या शोधायला आत जाऊन दिवा लावलात, की डोळे सरावायची ती वीस मिनिटं परत पहिल्यापासून.