दुसऱ्या झडपेचा बोल्ट

मंडळी, मी अमेरिकेत मोठ्या इमारतींच्या दारांना कोणत्या कड्या-कुलपं बसवायची हे ठरवण्याचं काम करतो. आज बोलणार आहे फक्त दोन झडपांच्या दाराबद्दल, आणि त्यातही दुसऱ्या झडपेबद्दल.

आपल्याकडे भारतात एक झडप येण्याजाण्याची असते, दुसरी वर-खाली बोल्ट लावून बंद. कपाट आत न्यायचं असलं की कुणीतरी वाकून खालचा बोल्ट ओढतो, स्टुलावर चढून वरचा काढतो. घरात यात काही बिघडत नाही. सभागृहात मात्र तीच सवय जिवावर बेतते. सभागृहाचं बाहेर पडायचं दार किमान २००० मिलीमीटर रुंद हवं आणि आतून किल्लीशिवाय उघडायला हवं, असं आपली राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. नकाशात ती रुंदी दोन्ही झडपा धरून दाखवलेली असते. एक झडप बोल्टात अडकली की त्यातली निम्मीच उरते. गेल्या खेपेला एका मंगल कार्यालयात मी बंद झडपेच्या खालच्या बोल्टाला हात लावून पाहिला. गंजून जागीच बसला होता, आणि झडपेला टेकून खुर्च्यांची चळत.

फ्लश बोल्ट तर आणखी फसवा. तो झडपेच्या कडेत, जाडीत बसवतात. पहिली झडप उघडल्याशिवाय त्याची खिट्टी दिसतसुद्धा नाही. धुरात, मागून रेटा येत असताना ती कोण शोधणार?

इंग्लंडातल्या संडरलँड गावी १६ जून १८८३ रोजी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ होता. शेवटी खाली बक्षिसं वाटतात म्हटल्यावर गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावली. जिन्याच्या तळाचं दार आत उघडणारं होतं. एका वेळी एकच मूल जावं म्हणून ते जमिनीत बोल्ट अडकवून जेमतेम फटीएवढं उघडं ठेवलं होतं. पुढची मुलं अडली, मागची येतच राहिली. १८३ मुलं गेली. आग नव्हती, धूर नव्हता. पुढे १८९२ साली रॉबर्ट ब्रिग्ज यांनी नुसतं ढकलून उघडणाऱ्या बोल्टाचं पेटंट घेतलं.

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा थिएटरला आग लागली आणि ६०० हून अधिक माणसं मेली. काही दारं कुलूपबंद होती, काहींच्या खिट्ट्या लोकांना कळल्याच नाहीत. कार्ल प्रिंझलर हा इंडियानापोलिसचा हार्डवेअर विक्रेता त्या खेळाला जाणार होता, ऐनवेळी कामामुळे राहिला. अभियंते हेन्री ड्यूपाँट यांना बरोबर घेऊन त्यानं ढकलायची आडवी दांडी तयार करवली. १९०८ पासून ती बाजारात आली.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालणारी आंतरराष्ट्रीय इमारत संहिता याच दांडीभोवती फिरते. जमावाच्या जागेत किंवा शाळेत ५० किंवा अधिक माणसं वापरतील अशा दाराला कडी-कुलूप लावायचंच असेल, तर पॅनिक बार, म्हणजे हीच ढकलायची दांडी, लागतो. (मुख्य दाराला काही अटींवर सवलत आहे, ती आज बाजूला ठेवतो.) बार झडपेच्या किमान निम्म्या रुंदीएवढा हवा आणि १५ पौंडांच्या जोरात सुटला पाहिजे. हे दोन्ही झडपांना लागू, प्रत्येक झडप स्वतंत्रपणे आणि एकाच हालचालीत उघडायला हवी. हातानं ओढायचा बोल्ट दुसऱ्या झडपेवर चालतो तो कोठारासारख्या किंवा कमी माणसांच्या ठरावीक जागी, आणि कमी माणसांच्या जागी तर त्या झडपेला मूठ ठेवायची नाही. मूठ दिसली की माणूस ती ओढणारच, हे नियम लिहिणाऱ्यानं ओळखलं. मला हा नियम फार आवडतो.

अग्निरोधक दार असेल तर दोन्ही झडपा आपोआप बंद होऊन अडकल्याही पाहिजेत. मधल्या फटीवर पट्टी असली तर पट्टीची झडप शेवटी मिटायला हवी, त्यासाठी वर कोऑर्डिनेटर, म्हणजे झडपा ठरल्या क्रमानं मिटवणारं साधन, बसवतात.

आता बसवणाऱ्यांसाठी. बारापासून वर-खाली जाऊन चौकटीत आणि जमिनीत अडकणाऱ्या उभ्या सळ्या दिसायला छान, पण खालची सळी ट्रॉल्यांच्या धक्क्यानं वाकते आणि तिच्या खाचेत केर भरतो. मी शक्य तिथे मध्ये काढता येणारा खांब सुचवतो. दोन्ही झडपांना साधे बार, ते त्या खांबात अडकतात. पियानो आत न्यायचा असला तर किल्लीनं खांब काढायचा, आणि नेऊन झाला की त्याच दिवशी परत बसवायचा.