लुआंटीच्या जगाचा लाइव्ह नकाशा

[पडदा: काळा ब्राउझर, एकेक चौकोन उजळतोय]

हा काळा पडदा रिकामा वाटतोय, पण नीट बघा, डावीकडे एक हिरवा चौकोन आला, त्याच्या शेजारी निळा, ती नदी आहे, आता तिचा काठ दिसायला लागला. हा आमच्या गेममधल्या जगाचा नकाशा, कुणी चित्र काढून ठेवलेलं नाहीये, खोलीतल्या त्या जुन्या डेस्कटॉपवर आत्ता तयार होतंय.

ब्लॉक म्हणजे ठोकळे रचून जग बांधायचा हा गेम, आणि तो ज्या मूळ प्रोग्रामवर चालतो ते इंजिन आहे लुआंटी. फिनलंडच्या पेर्टू अहोलाने 2010 मध्ये माइनटेस्ट नावाने सुरू केलं, 2024 मध्ये त्याचं नाव लुआंटी झालं. फुकट आहे हे तर आहेच, पण मोठी गोष्ट ही की सोर्स कोड उघडा आहे, म्हणजे कुणीही बघू शकतं, सर्व्हर आपल्या मशीनवर चालतो आणि आपण बांधलेलं जग आपल्याच डिस्कवर राहतं, कुणाकडे भाड्याने ठेवावं लागत नाही.

[पडदा: वर्ल्डचं फोल्डर, मॅप डॉट एस्क्यूलाइट फाइल]

ही एक फाइल म्हणजे अख्खं जग, एस्क्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये साठवलेलं. जगाचा मध्य धरला तर प्रत्येक दिशेला जवळजवळ 31,000 ब्लॉक जाता येतं, वर आणि खाली पण तेवढंच. एवढं सगळं कुठलाही कॉम्प्युटर एकदम बनवत नाही, खेळाडू जिथे जातो तिथलाच भाग तयार होतो आणि फाइलमध्ये 16 बाय 16 बाय 16 च्या तुकड्यांनी साठतो, एका तुकड्यात 4096 ब्लॉक, त्याला मॅपब्लॉक म्हणतात.

म्हणूनच नकाशाची कड अशी वेडीवाकडी आहे. ती उत्तरेकडे गेलेली लांब पट्टी दिसते का? तिथे कुणीतरी सरळ चालत गेलंय, आजूबाजूला फिरलंच नाही, म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजूंना काळं आहे, कारण ते जग अजून तयारच झालेलं नाही. मला हा नकाशा एवढा आवडतो तो याच्यामुळे, कोण कुठवर फिरलं ते सगळं यात उमटतं.

[पडदा: टर्मिनल]

आता सेटअप. नकाशा काढणाऱ्या प्रोग्रामचं नाव मॅपसर्व्हर, गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, एकच फाइल डाउनलोड करायची, वर्ल्डच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि चालवायची, कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल तयार होते आणि ब्राउझरमध्ये 8080 पोर्ट उघडला की नकाशा समोर. फक्त एक काम आधी करा, एस्क्यूलाइटचा जर्नल मोड, म्हणजे बदल लिहून ठेवायची पद्धत, वॉल (WAL) करून घ्या, म्हणजे गेम फाइलमध्ये लिहीत असताना मॅपसर्व्हरला ती वाचता येते, दोघं एकमेकांना अडवत नाहीत.

नकाशा काढायची पद्धत साधी आहे. प्रत्येक ठिकाणी आकाशातून खाली यायचं, हवा सोडून जो पहिला ब्लॉक लागेल त्याचा रंग घ्यायचा, शेजारच्यांची उंची बघून थोडी सावली द्यायची. असे छोटे चौकोन फरशा बसवल्यासारखे एकाला एक लागतात, मग चार मिळून एक, परत त्यातले चार मिळून एक, असं करत झूम मागे नेला की अख्खा खंड एका नजरेत येतो.

[पडदा: छप्पर नसलेलं घर]

इथे थांबा जरा. या घराला भिंती आहेत पण नकाशावर छप्पर नाही, थेट आतली जमीन दिसतेय. गेममध्ये छप्पर व्यवस्थित आहे हो, पण ते एका मॉडच्या, म्हणजे गेमला वरून जोडलेल्या भागाच्या, लाकडाचं आहे आणि त्या लाकडाचा रंग मॅपसर्व्हरच्या यादीत नाही, रंग माहीत नसलेला ब्लॉक मॅपसर्व्हर गाळतो. मग रंगांच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली, ब्लॉकचं नाव आणि पुढे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, तेवढा भाग परत रेंडर केला, म्हणजे काढला, आणि हे बघा, छप्पर आलं.

[पडदा: नकाशावर खेळाडूचा ठिपका]

ठिपका हलायला अजून एक गोष्ट लागते, गेममध्ये मॅपसर्व्हरचा मॉड. त्याला गेमच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून माहिती पाठवायची, परवानगी द्यायची, मॉड आणि मॅपसर्व्हर दोन्हीकडे एकच सीक्रेट की, म्हणजे गुप्त शब्द, ठेवायची, मग कोण कुठे आहे ते मॉड कळवत राहतो आणि ब्राउझर रिफ्रेश न करता ठिपका सरकतो. आता ती भिंत बघा, तिकडे कुणीतरी विटा लावतंय, गेमने ते डिस्कवर लिहिलं की त्या मॅपब्लॉकच्या नोंदीत वेळ बदलते आणि मॅपसर्व्हर बदललेला तेवढाच भाग परत काढतो, म्हणून काही सेकंदांत भिंत इथे पण वाढलेली दिसते. खुणेचा खास ब्लॉक ठेवला तर तिथलं नावही नकाशावर येतं, रेल्वे स्टेशनांसाठी वेगळा ब्लॉक आहे, ती रेषा दिसतेय ना, ती आमची रेल्वे.

लपवून बांधलेली घरं पण यात उघडी पडतात, ज्यांना दिसायचं नाही त्यांचा ठिपका लपवायची सोय आहे, ती आधीच देऊन ठेवा.

[पडदा: कॉन्फिग फाइलमधले लेयर]

आणि हे जमिनीखालचं. कॉन्फिगमध्ये लेयर म्हणजे थर असतात, कुठल्या उंचीपासून कुठल्या उंचीपर्यंत काढायचं ते मॅपब्लॉकच्या हिशोबात लिहायचं, त्यामुळे खाणींचा वेगळा नकाशा बनतो. आमचा तो लेयर आत्ता रेंडर होतोय, पहिली फेरी असल्यामुळे वेळ लागतोय, मशीन रात्रभर चालू ठेवलंय.