दहावीच्या सुट्टीतले दोन दोस्त आणि एक मोबाईल

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या पोरांना मोबाईलवर विनोदी फिल्म करायची आहे, त्यांच्यासाठी शाळेतल्या जिगरी दोस्तांसारखा विषय नाही. फक्त तो वर्गात सुरू करू नका. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, शेवटचा पेपर सुटल्यापासून निकाल लागेपर्यंतचे रिकामे दिवस घ्या. एकाला इथंच पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्समधून करायचंय, दुसऱ्याचं कोल्हापूरला डिप्लोमाचं ठरलंय आणि दोघंही ते एकमेकांपासून लपवतात. हसू या लपवालपवीतूनच येतं, वेगळे जोक पेरावे लागत नाहीत.

लिहिलेलं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पहिल्या फिल्मला पाच पानं पुष्कळ झाली. संवाद पुस्तकी झाले की पोरं पाठांतर म्हटल्यागत बोलतात. ‘काय करालैस?’ असंच लिहा. मध्येच कन्नड ‘बारो’, म्हणजे ‘ये रे’, आलं तर राहू द्या, आपल्याकडची दोस्ती दोन्ही भाषांत बोलते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोघांना एकाच फ्रेममध्ये ठेवा. एकेकाचा क्लोजअप घेऊन नंतर जोडलात, तर उत्तर कधी यायचं ते एडिटिंगमध्ये ठरतं आणि दोघांची आपसातली लय जाते. आधी अख्खा प्रसंग कमरेपासून वर, शेजारीशेजारी, न थांबता घ्या. मग ऐकणाऱ्याचा नुसता चेहरा, दहा सेकंद. बोलणाऱ्यापेक्षा ऐकून गप्प बसलेल्या पोरावर लोक जास्त हसतात. त्यानं स्वतः मात्र हसायचं नाही. ही लय शूटिंगच्या सकाळी जमत नाही. २०१९ च्या ‘बुकस्मार्ट’ या ऑलिव्हिया वाइल्ड यांच्या चित्रपटातल्या दोघी मुख्य अभिनेत्री चित्रीकरणाआधी एकत्र राहिल्या होत्या. तुमच्या पोरांना निदान आठवडाभर संध्याकाळी सोबत हिंडू द्या.

ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळे पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर लावा, पट्टे जातात. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, वाऱ्यासाठी वर स्पंज हवाच. पंखा बंद करा. प्रसंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा ३० सेकंद आवाज घ्या, जोडकामातले खड्डे त्यानंच बुजतात.

मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो, म्हणून बाहेरचे प्रसंग सकाळीच उरका. आणि पत्र्याखालचा संवाद पावसात रेकॉर्ड करू नका, एक शब्दही कामाचा राहत नाही.