वुर्झबर्गचा म्हातारा बिशप

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत माइन नदीकाठी वुर्झबर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये तांबड्या संगमरवरात कोरलेला एक म्हातारा उभा आहे. गालफडं बसलेली, तोंड आत गेलेलं, गळ्याशी सुरकुत्यांचं जाळं. हा बिशप रुडॉल्फ फॉन शेरेनबर्ग. थोरांचे पुतळे आपण उगीच तरणेबांड घडवतो. माणसाच्या सुरकुत्या दगडातही जपाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

रुडॉल्फ सरदार घराण्यातला. १४६६ साली बिशप झाला तेव्हा वय साधारण ६५. ऐका हं, ६५! त्या काळी म्हणजे पिकलं पानच. या पिकल्या पानानं पुढं २९ वर्षं कारभार केला. तिथला बिशप म्हणजे त्या मुलखाचा राजाही. गादी कर्जात बुडालेली. यानं गहाण पडलेला मुलूख सोडवत आणला. घरात काय, राज्यात काय, गहाण सोडवणारा माणूस मला नेहमीच मोठा वाटतो.

पण मला सांगायचीय ती १४७६ सालची गोष्ट.

निक्लासहाउझेन नावाच्या खेड्यात हान्स ब्योम हा तरुण मेंढपाळ ढोलकं वाजवायचा. एक दिवस त्यानं ढोलकं जाळलं आणि सांगू लागला, माता मेरीनं मला दर्शन दिलंय. रान, पाणी, कुरण सगळ्यांचं आहे. सरदारांनी, बिशपांनीही रोजंदारीवर राबावं. पुन्हा सांगतो, रान, पाणी, कुरण सगळ्यांचं! हातातली कामं टाकून हजारो माणसं तिकडं लोटली. जुलैतल्या एका रात्री बिशपच्या घोडेस्वारांनी ब्योमला उचललं आणि वुर्झबर्गच्या मारियेनबर्ग किल्ल्यात डांबलं.

मग लोक काय करतात? देवळातल्या मोठाल्या मेणबत्त्या उचलतात, पेटवतात आणि रातोरात चालत निघतात. हजारो माणसं. सकाळी किल्ल्याखाली हजर. आमचा माणूस द्या! बिशपचा अधिकारी समजवायला आला, त्याच्यावर दगड पडले. तोफा धडाडल्या, गोळे डोक्यांवरून गेले. लोकांना वाटलं, मेरीनंच राखलं. अखेर त्यांची समजूत काढली गेली, ते माघारी वळले, आणि परतणाऱ्यांवर स्वार सोडले. काही जण जिवानिशी गेले. १९ जुलैला ब्योमला जिवंत जाळलं, राख माइन नदीत टाकली. माघारी वळलेल्या माणसांवर घातलेले हे घोडे मी रुडॉल्फला माफ करू शकत नाही.

तो १४९५ साली वारला. त्याचं शिल्प घडवलं टिल्मान रीमेनश्नायडरनं. एका हातात धर्मदंड, दुसऱ्या हातात तलवार. १५२५ साली शेतकरी पुन्हा उठले. रान आणि कुरण, मागणं तेच. रीमेनश्नायडर तेव्हा नगरसभेत होता, आणि नगरसभेनं शेतकऱ्यांची बाजू धरली. उठाव मोडला, आणि म्हाताऱ्या बिशपची सुरकुती न् सुरकुती कोरणारा तो कारागीरही त्याच मारियेनबर्गच्या कोठडीत गेला.

नमस्कार.