मीटर नसलेल्या दिव्यांचे बिल

[संध्याकाळ. जांबोटीकडे जाणारा रस्ता, भातशेती, एकामागून एक पेटत जाणारे दिवे.]

बेळगाव परिसरात जूनच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारासच मावळतो. त्यामुळे रस्त्यावरचा दिवा पावसाळ्याच्या तोंडावर रात्री सुमारे अकरा तास आणि ऐन थंडीत जवळजवळ पावणेतेरा तास जळू शकतो. आता पेटत चाललेले हे दिवे खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी भाषक गावातले आहेत. त्यांतल्या एकाही दिव्याची वीज मोजली जात नाही, आणि तरीही ग्रामपंचायतीला दरमहा त्यांचे बिल येते.

[शिडी लावून खांबावर चढणारा लाईनमन. उघडलेली फिटिंग.]

हे बिल समजून घ्यायचे तर सुरुवात खांबापासून करायला हवी. टीसीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, घरांच्या तारांबरोबर पथदिव्यांची एक स्वतंत्र तार निघते आणि खांबाखांबांवरून गावभर फिरते. पंचायतीचा वॉटरमन संध्याकाळी पेटी उघडून बटण दाबतो आणि सकाळी पाणी सोडायला जाताना ते बंद करतो. काही वाड्यांवर बटणाऐवजी टाइमर आहे. या तारेवर पूर्वी ४० वॅटच्या ट्यूबा होत्या आणि चौकात सोडियम व्हेपरचे पिवळे दिवे होते. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू केल्यानंतर देशभर एलईडीकडे वळण्याला वेग आला, पण या गावात ते दिवे एकदम आले नाहीत. ट्यूब गेली की तिच्या जागी एलईडी लागली, वित्त आयोगाचा हप्ता मिळाला की आणखी काही आल्या, आणि गणेशोत्सवापूर्वी एखाद्या गल्लीने वर्गणी काढूनही दोन बसवल्या. त्यामुळे एकाच तारेवर निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि निरनिराळ्या वॅटच्या फिटिंगा लटकत आहेत. लाईनमनच्या हातातील फिटिंगवरचे लेबल पाहावे: उन्हापावसाने अक्षरे पुसली गेली असून वॅटचा आकडा वाचता येत नाही.

[पंचायत कार्यालय. नोंदवहीची पाने, वीजबिल.]

आता हीच फिटिंग कागदावर पाहू. कर्नाटकात प्रत्येक वीजजोडणीला आर. आर. नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक असतो, आणि पथदिव्यांची जोडणी एलटी-६(बी) या कमी दाबाच्या दरवर्गात मोडते. जिथे मीटर नाही, तिथे नोंदलेला भार (दिव्यांचे वॅट) आणि दिवे जळण्याचे गृहीत तास यांचा गुणाकार करूनच युनिटे काढावी लागतात. रोज साडेअकरा तास, म्हणजे महिन्याला ३४५ तास धरले, तर ४० वॅटच्या एका दिव्याची १३.८ युनिटे होतात आणि २० वॅटच्या दिव्याची ६.९. शंभर दिव्यांच्या गावात हा फरक दरमहा ६९० युनिटांवर जातो. ट्यूब उतरली, एलईडी चढली आणि नोंदवहीत ४० चा आकडा तसाच राहिला, तर गाव न वापरलेल्या विजेचे पैसे भरत राहते. याच्या उलट, चौकात १२० वॅटचा नवा दिवा लागला आणि त्याची नोंदच झाली नाही, तर ती वीज वितरण कंपनीच्या हानीत जमा होते. कर्नाटकाच्या दरपत्रकांत एलईडी पथदिव्यांना कमी दर दिला गेलेला आहे. पण कागदावर ट्यूब असेल, तर तो दर मागायचा कोणत्या आधारावर?

[शाळेच्या बाकावर मांडलेली ट्यूब, एलईडी, वॅटमीटर. भोवती गावकरी.]

बाकावरची ही मांडणी आम्ही मुद्दाम केली, कारण खोक्यावर छापलेला आकडा आणि तारेतून प्रत्यक्ष घेतली जाणारी वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसह पन्नासहून अधिक वॅट घेते, कारण चोक स्वतः तापतो. एलईडीत चोकची जागा ड्रायव्हरने घेतली आहे. तो दिव्याला ठरावीक करंट पुरवतो आणि स्वतःही थोडी वीज खातो. एकच फिटिंग ड्रायव्हरच्या सेटिंगनुसार ३५० मिलिअँपिअरवर चालू शकते, तशीच ७०० मिलिअँपिअरवरही चालू शकते. बाहेरून ती सारखीच दिसते, वीज मात्र दुपटीच्या आसपास जाते. म्हणून कंपनीचे नाव आणि मॉडेल लिहून ठेवल्याने भार कळत नाही.

आता टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारे उपकरण, पाहावा. २० वॅटच्या या दिव्याला तो ०.१७ अँपिअर करंट दाखवतो, आणि २३० व्होल्टने गुणले की उत्तर जवळपास ४० येते. दिवा खरोखर ४० वॅट घेतो का? नाही. स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातला प्रत्यक्ष वापरला जाणारा भाग, निम्म्याच्या आसपास असू शकतो, आणि टाँग टेस्टर तो विचारात घेत नाही. शेजारचा वॅटमीटर वीसच दाखवतो. प्रामाणिकपणे केलेली मोजणीसुद्धा अशी दुपटीने चुकते, आणि म्हणूनच प्रत्येक खांबावर कोणीतरी चढून नवा अंदाज बांधण्यापेक्षा प्रयोगशाळेत एकदा मोजलेला आकडा सर्वांनी वापरणे योग्य आहे.

[मुसळधार पाऊस. भर दुपारी पेटलेला दिवा.]

भाराइतकाच प्रश्न तासांचा आहे. कणकुंबी आणि जांबोटीच्या पट्ट्यात आषाढात ढग इतके दाटतात की फोटोसेलवर, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या बटणावर चालणारा दिवा घड्याळाच्या आधीच पेटतो. ज्या टाइमरला बॅटरी नाही, त्याचे घड्याळ वीज गेली की थांबते, आणि तेवढाच वेळ दिवा सकाळी उशिरापर्यंत जळत राहतो. राज्य वीज नियामक आयोगाने पथदिव्यांना टाइमर बसवण्याचे निर्देश वितरण कंपन्यांना दिलेले आहेत. तो टाइमर कोणत्या प्रकारचा आहे, हेही बिलात उमटायला हवे. मध्यरात्री मंद होणाऱ्या दिव्यांचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. ६० वॅटचा दिवा बारा तास पूर्ण तेजाने जळला, तर ०.७२ युनिट लागते. त्यातले सहा तास तो निम्म्या वॅटवर चालला, तर ०.५४ युनिट पुरते. नोंदवहीत मात्र या दोन्ही दिव्यांसमोर ६० हाच आकडा असतो.

[नकाशा. संगणकावरील तक्ता.]

या अडचणीवर इतरत्र उत्तर शोधले गेले आहे. ब्रिटनमध्ये ५०० वॅटपेक्षा कमी आणि आधी सांगता येण्याजोग्या भाराला मीटरविना वीज देण्याची तरतूद २००१ च्या नियमांत आहे. तेथे प्रत्येक प्रकारच्या दिव्याला १३ अंकी आकारणी-संकेत (कोड) असतो, आणि दिवा कधी पेटतो व कधी विझतो यासाठी तीन अंकी वेगळा संकेत असतो. इलेक्झॉन ही संस्था या संकेतांची यादी सांभाळते. नगरपालिका खांबनिहाय यादी देते, संकेतावरून वॅट आणि तास ठरतात, आणि वाद झालाच तर तो एका ओळीपुरता होतो.

आपल्याकडे असा संकेत तयार करण्यासाठी पाया उपलब्ध आहे. फिटिंगच्या सुरक्षिततेसाठी आयएस १०३२२ आणि एलईडी फिटिंगच्या कामगिरीसाठी आयएस १६१०७ ही भारतीय मानके आहेतच. दिव्याचा प्रकार, ड्रायव्हरसह मोजलेले वॅट, नियंत्रणाची पद्धत आणि मंद होण्याचे वेळापत्रक एवढे चार भाग त्या संकेतात असले, तरी पुरेसे आहे. ही यादी एका कंपनीपुरती असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बेळगावसह सात जिल्ह्यांना हेस्कॉम ही वितरण कंपनी वीज पुरवते आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात महावितरणची वीज आहे. पण दोन्हीकडच्या कितीतरी फिटिंगा बेळगावच्या बाजारातूनच जातात. शिवाय पंचायतीचे दप्तर कन्नडमध्ये आणि गल्लीतली चर्चा मराठीत असली, तरी खांबावर रंगवलेले अंक बिलाशी पडताळून पाहणे कोणत्याही सदस्याला जमेल.

वीज कायदा २००३ च्या कलम ५५ नुसार पुरवठा मीटरमधूनच व्हायला हवा, तेव्हा टीसीपाशी पथदिव्यांच्या तारेवर मीटर बसलाच पाहिजे. मात्र तो मीटर एकूण युनिटे सांगेल. कोणता दिवा किती घेतो, हे सांगणार नाही. मीटरचा आकडा योग्य आहे का, हे तपासायलाही यादी लागेलच.

[पाण्याची टाकी. बंद दिव्यांची गल्ली.]

अशा चुकीच्या बिलांची थकबाकी साचली की पथदिव्यांची जोडणी तुटते, आणि नळपाणी योजनेच्या पंपाचे बिलही याच पंचायतीला भरावे लागते.

[खांबांवर क्रमांक रंगवणारे तरुण. नोंदवहीचे नवे पान.]

गावाने तोवर आपल्या हातातले काम सुरू केले आहे. प्रत्येक खांबाला क्रमांक पडतो आहे, आणि नव्या पानावर त्या क्रमांकासमोर फिटिंगचा प्रकार, लेबलवरचे वॅट, बसवल्याची तारीख आणि टाइमर आहे की बटण, एवढे लिहिले जात आहे. संकेतासाठी शेवटचा रकाना रिकामा ठेवला आहे. ही यादी पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीने हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला द्यायची, दोघांनी मिळून खांब पाहायचे, आणि दिवा बदलला की त्याच महिन्यात ओळ बदलायची, असे पंचायतीने ठरवले आहे.