बापाचे शूज, पोराचे पाय

बापाचा जोडा पोराच्या पायात आला की पोरगं मोठं झालं, असं आपण म्हणतो ना, तर आज ज्याच्यापासून सुरुवात करतोय त्या पोराच्या बाबतीत जोड्यावरूनच केवढा राडा झाला ते ऐका. 2009 साल, मार्कस जॉर्डन, बास्केटबॉलचा महान खेळाडू मायकल जॉर्डनचा मुलगा, वय 18, फ्लोरिडातल्या यूसीएफ या कॉलेजात बास्केटबॉल खेळायला नुकताच आलेला. कॉलेजचा करार आदिदासशी, टीममधली बाकी पोरं आदिदास घालून, आणि हा म्हणाला मी वडिलांचे एअर जॉर्डनच घालणार, म्हणजे आदिदासची स्पर्धक नाइकी वडिलांच्या नावानं काढते ते शूज. सीझनच्या आधीच्या मॅचला तो तेच घालून उतरला आणि आदिदासनं कॉलेजशी संबंधच तोडले! पोराची कॉलेजची सुरुवात, आणि चर्चा कशाची तर शूजची. तो खेळला कसा, हे विचारलं कुणी?

अशा फेमस बापांच्या पोरांच्या मॅचेस टीव्हीवर बघताना मला एक गोष्ट फार लागते. पोरगं फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला उभं आहे, बॉल दोनदा आपटला, श्वास घेतला, सोडला, बॉल रिंगला लागून बाहेर, आणि कॅमेरा कुठे? स्टँडमध्ये बापाच्या तोंडावर. अरे पोराकडे बघा ना आधी!

आता तुम्ही म्हणाल आडनावाचा फायदा होतोच की. होतो, शंभर टक्के होतो. घरातच कोच, लहानपणापासून चांगलं ट्रेनिंग, आणि 1 जुलै 2021 पासून तर अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमवता येतात, मग फेमस आडनावाला भाव येणारच. पण आडनावानं प्रत्येक दार उघडतं असंही नाहीये हां. आजचा बास्केटबॉल स्टार स्टेफ करी, त्याचे वडील डेल करी व्हर्जिनिया टेक कॉलेजचे स्टार, तिथे त्यांच्या जर्सीच्या 30 नंबरचा मान म्हणून तो रिटायर केलाय, म्हणजे दुसऱ्या कुणाला देत नाहीत, आणि त्याच कॉलेजनं पोराला स्कॉलरशिप दिली नाही कारण पोरगं किडकिडीत! तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला, तोच 30 नंबर घालून, आणि 2008 मध्ये त्या टीमला देशातल्या शेवटच्या आठात घेऊन गेला.

पण मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ब्रॉनी जेम्सबद्दल, बास्केटबॉल स्टार लेब्रॉन जेम्सचा मुलगा. 24 जुलै 2023, यूएससी या त्याच्या कॉलेजात प्रॅक्टिस चालू असताना त्याचं हृदय बंद पडलं. 18 वर्षांचं पोर, जन्मापासूनचा हृदयातला दोष, तो तेव्हा सापडला. त्यातून बरा होऊन तो त्याच सीझनला खेळला, मॅचमागे सरासरी 4.8 पॉइंट्स काढले आणि लोक त्याच्यावर तुटून पडले, लेब्रॉनचा मुलगा आणि एवढेच? आणि गंमत बघा, लेब्रॉन कॉलेजला गेलाच नाही, 2003 मध्ये शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, तेव्हा बापाचा कॉलेजचा आकडा मुळात नाहीच आणि तरी तुलना चालू!

ब्रॉनीची कॉलेजची पहिली मॅच शोधून बघा, 10 डिसेंबर 2023. बाप स्टँडमध्ये आहे, टीम ओव्हरटाइममध्ये हरते, ब्रॉनीचे पॉइंट्स फक्त 4. साडेचार महिन्यांपूर्वी बंद पडलेलं हृदय घेऊन ते पोर कोर्टभर धावतंय, आणि त्याचा पहिला थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंट्सचा शॉट, आत जातो तेव्हा मला प्रत्येक वेळी भरून येतं.