शिसे सहज सुटले पाहिजे

स्कूबा डायव्हरच्या अंगावरचे जाकीट, म्हणजे बीसीडी, एकाच वेळी दोन विरुद्ध कामे करते. त्यातील पिशवीत हवा भरली की प्लावक बल वाढून डायव्हर वर उचलला जातो आणि त्याच जाकिटाच्या कप्प्यांतील शिसे त्याला खाली नेते. पूर्वी हे शिसे कमरेच्या वेगळ्या पट्ट्यात ओवले जाई, आजही पुष्कळ ठिकाणी ओवले जाते; पण पट्टा घसरतो आणि कमरेच्या हाडावर रुततो, म्हणून वजने जाकिटातच सामावणारी रचना अनेकांना सोयीची वाटते.

सोय खरी आहे. तरीही जाकीट निवडताना सर्वांत आधी पाहायला हवे ते, संकटात झटकन वर येण्यासाठी शिसे सुटते कसे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या अपघात-अहवालांत, मृत डायव्हरच्या अंगावर वजने तशीच आढळल्याच्या नोंदी पुनःपुन्हा येतात. घाबरलेला माणूस बकल शोधत बसू शकत नाही; त्यामुळे कप्प्याची मूठ एका हाताने, हातमोजा घालून आणि न पाहता ओढता येते का, हे दुकानातच करून पाहावे. उलट, झिजलेल्या वेल्क्रोचा कप्पा खोल पाण्यात आपोआप गळून पडला, तर डायव्हर आवर न राहता वर फेकला जातो, आणि तेही तितकेच घातक आहे.

म्हणूनच सगळे वजन पुढच्या कप्प्यांत भरू नये. थोडे पाठीकडच्या, न सुटणाऱ्या कप्प्यांत ठेवल्यास शरीर पाण्यात आडवे राहते. मात्र पुढचे वजन टाकल्यावर पृष्ठभागावर निश्चित तरंगता येईल, इतके ते असलेच पाहिजे.

वजन किती घ्यावे, हा प्रश्न बुडीच्या शेवटाकडून सोडवावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नेहमीच्या 11 लिटरच्या सिलिंडरमधील हवा वापरली जाते, तसा तो सुमारे 2 किलोने हलका होतो आणि वर येताना सुरक्षिततेसाठी 5 मीटरवर 3 मिनिटे थांबण्याच्या वेळी डायव्हरला वर ओढू लागतो. सिलिंडरमध्ये 50 बार (हवेच्या दाबाचे एकक) इतकी हवा उरली असताना, जाकीट रिकामे करून, नेहमीचा श्वास रोखून निश्चल राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडताच डायव्हर हळूहळू बुडावा, एवढेच वजन पुरे. तारकर्ली किंवा अंदमानच्या उबदार पाण्यात पातळ, म्हणून कमी तरंगणारा सूट असतो, त्यामुळे शिसे कमीच लागते. जास्त शिसे घेतले, तर ते तोलण्यासाठी जाकिटात जास्त हवा भरावी लागते आणि 10 मीटरवरून वर येताना दाब निम्मा होऊन तीच हवा दुप्पट फुगते. नवशिक्यांचा तोल बहुधा इथेच जातो.

बोटीवर परतताना आधी वजनाचे कप्पे काढून वर द्यावेत आणि मगच जाकीट, नाहीतर शिसे व सिलिंडर यांचा एकत्रित भार वर घेणाऱ्याच्या पाठीवर पडतो. नंतर जाकीट गोड्या पाण्याने आतूनही धुवावे, कारण मिठाचे खडे साचले की हवा सोडणाऱ्या झडपा अडकतात.

भाड्याच्या जाकिटांत कप्प्यांची रचना दर वेळी निराळी असू शकते. त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी दोन्ही कप्पे स्वतः एकदा ओढून काढावेत, परत बसवावेत आणि आपल्या बडीलाही, म्हणजे सोबतच्या डायव्हरलाही, ते करून पाहायला सांगावे.